घर नसलेली घराणी

न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या कॉलेज ॲव्हेन्यूवरून चालायला लागलं की ग्रीक अक्षरं मिरवणारी घरं दिसू लागतात. दोन-तीन मजली, जुन्या धाटणीची, पुढे पडवी, आणि दर्शनी भिंतीवर ठसठशीत दोन किंवा तीन अक्षरं. ही फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींची घरं. फ्रॅटर्निटी मुलांची, सोरॉरिटी मुलींची. एकदा सभासद झालं की ते नातं जन्मभराचं. एकमेकांना 'ब्रदर' किंवा 'सिस्टर' म्हणायचं आणि पदवी घेऊन पन्नास वर्षं लोटली तरी ते म्हणणं सोडायचं नाही. भारतातून गेलेल्या माणसाला हॉलिवूडच्या सिनेमांमुळे यातली एकच बाजू ठाऊक असते : दारू, धांगडधिंगा आणि श्रीमंतांची गोरी पोरं.

हा लेख त्याच विद्यापीठांतल्या, पण रस्त्यावर घर नसलेल्या संघटनांविषयी आहे. यांच्या बैठका लायब्ररीतल्या आरक्षित खोलीत नाहीतर कुणाच्या तरी भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतात. मोठ्या सोरॉरिटीत शंभराहून जास्त मुली असू शकतात, तर यांच्या एका शाखेत कधी आठ, कधी वीस. तरीही यांचं शिस्तीचं वेड, कपड्यांचा ठरलेला रंग, पाठ केलेला इतिहास आणि एकमेकांसाठी धावून जाणं पाहिलं की या घर नसलेल्या मंडळींना घराणी म्हणावंसं वाटतं. अमेरिकेत यांना बहुसांस्कृतिक, म्हणजे मल्टिकल्चरल, फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी म्हणतात. अशा पद्धतीची देशातली पहिली सोरॉरिटी, म्यू सिग्मा अप्सिलॉन, याच रटगर्समध्ये नोव्हेंबर १९८१ मध्ये सुरू झाली.

रटगर्सपासून मोटारीने थोड्याच अंतरावर एडिसन आहे. तिथल्या किराणा दुकानात भाजणी आणि गोडा मसाला सहज मिळतो. तिथल्या मराठी घरांतली मुलं मोठ्या संख्येने रटगर्सला जातात आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षी कधीतरी घरी फोन येतो, 'आई, मी सोरॉरिटी जॉइन करतेय.' आईच्या पोटात गोळा येतो. पुण्या-नाशिकातल्या आजी-आजोबांना तर हे प्रकरण नेमकं काय, हेच कळत नाही. त्यांच्यासाठी हे सगळं नीट, मुळापासून सांगायला हवं.

पायरी चढू न देणारी घरं

अमेरिकेतल्या या परंपरेचा उगम साधारणपणे ५ डिसेंबर १७७६ ला धरतात. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅपा' ही गुप्त मंडळी काढली. ग्रीक अक्षरांचं नाव, गुप्त शपथ, हस्तांदोलनाची खूण हे सगळं तिथून आलं. पुढे १८२५ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात आजच्या धाटणीच्या फ्रॅटर्निटी निघाल्या आणि देशभर पसरल्या. कॉलेजात शिकणारे बहुतेक सगळे गोरे, ख्रिस्ती, सुखवस्तू घरचे. त्यामुळे सुरुवातीला कुणाला बाहेर ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. वेगळी माणसं कॉलेजात येऊ लागली, तशी दारं लागू लागली. कित्येक राष्ट्रीय फ्रॅटर्निटींच्या घटनेत सभासद गोरा आणि ख्रिस्ती असावा, असं स्वच्छ लिहिलेलं असे. म्हणून ज्यू विद्यार्थ्यांनी १८९० च्या दशकापासून आपल्या फ्रॅटर्निटी काढल्या.

कृष्णवर्णी विद्यार्थ्यांची गोष्ट याहून कठीण होती. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मोजके कृष्णवर्णी विद्यार्थी होते. राहायला नीट जागा नाही, अभ्यासाला सोबत नाही, मग पहिलं वर्ष संपलं की मुलं गाशा गुंडाळून घरी जात. मागे राहिलेल्यांनी आधी एकत्र अभ्यास करायला सुरुवात केली आणि ४ डिसेंबर १९०६ रोजी त्यांच्यातल्या सात जणांनी 'अल्फा फाय अल्फा' ही फ्रॅटर्निटी स्थापन केली. मार्टिन ल्यूथर किंग आणि सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णी न्यायाधीश थरगूड मार्शल हे पुढे याच संघटनेचे सभासद झाले. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 'अल्फा कॅपा अल्फा' ही कृष्णवर्णी मुलींची पहिली सोरॉरिटी निघाली. १९१३ मध्ये तिथल्याच बावीस मुलींनी 'डेल्टा सिग्मा थीटा' काढली आणि त्यांचं पहिलं जाहीर काम म्हणजे त्याच वर्षी ३ मार्चला स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या वॉशिंग्टनमधल्या मोर्चात चालणं. अशा नऊ संघटना आज 'डिव्हाइन नाइन' म्हणून ओळखल्या जातात. तमिळ आईची लेक असलेल्या कमला हॅरिस हॉवर्डमध्ये असताना १९८६ मध्ये अल्फा कॅपा अल्फाच्या सभासद झाल्या. जुलै २०२४ मध्ये अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरल्यावर त्याच आठवड्यात त्या इंडियानापोलिसला झीटा फाय बीटा या दुसऱ्या कृष्णवर्णी सोरॉरिटीच्या अधिवेशनात बोलायला गेल्या. जवळजवळ चाळीस वर्षांनीही ही नाती केवढी पक्की असतात, याची कल्पना त्यावरून यावी.

आशियाई मुलांची वाटही अशीच. कॉर्नेलमध्ये १९१६ साली चिनी विद्यार्थ्यांनी 'ऱ्हो साय' काढली, बर्कलीत १९२०च्या दशकात 'पाय अल्फा फाय' निघाली. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस जपानी-अमेरिकी मुलींनी 'काय अल्फा डेल्टा' ही सोरॉरिटी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना सरकारने छावण्यांत कोंडलं, त्यात या मुलीही गेल्या आणि संघटना बंद पडली. युद्ध संपल्यावर परत आलेल्या मुलींनी ती पुन्हा उभी केली, पण सोरॉरिटींच्या रस्त्यावर त्यांना घर मिळालं नाही. तिथल्या जमिनींच्या करारांतच गोऱ्यांखेरीज इतरांना मज्जाव होता. आजही या संघटनांना रस्त्यावर घरं का नसतात, याच्या उत्तराचा एक धागा इथवर पोचतो.

गोऱ्यांच्या संघटनांतून कुणी दार उघडायचा प्रयत्न केलाच, तर त्यालाच वाळीत टाकलं जाई. १९४८ मध्ये ॲम्हर्स्ट कॉलेजातल्या फाय कॅपा सायच्या शाखेने एका कृष्णवर्णी विद्यार्थ्याला सभासद करून घ्यायचं ठरवलं. राष्ट्रीय संघटनेने अख्खी शाखाच काढून टाकली. १९५६ मध्ये कॉर्नेल आणि टफ्ट्समधल्या सिग्मा कॅपा सोरॉरिटीच्या शाखांवर अशाच कारणाने कारवाई झाली. घटनेतले हे नियम पुढे पुसले गेले, तरी वहिवाट लवकर गेली नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या 'द क्रिमझन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छापलं, की एका गुणी कृष्णवर्णी मुलीला तिथल्या गोऱ्या सोरॉरिटींनी निव्वळ वर्णामुळे नाकारलं आणि काही शाखांतल्या मुलींची तयारी असूनही माजी सभासद बायका आड आल्या. देशभर गहजब झाल्यावर काही दारं उघडली. हे साल २०१३ होतं, १९१३ नव्हे.

कोल्हापूर आणि सातारा

वेगवेगळ्या समाजांनी वेगवेगळ्या संघटना काढल्या म्हणजे फुटीरपणाच ना, असा आक्षेप अमेरिकेत नेहमी घेतला जातो. मराठी माणसाला या आक्षेपाचं उत्तर बाहेर शोधावं लागत नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी समाजवार वसतिगृहं उभी केली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात कुणी खोली देत नव्हतं, कुणी पंगतीला घेत नव्हतं. राहण्या-जेवण्याची सोय नाही म्हणून शाळा सुटत होती. जातवार वसतिगृह काढणाऱ्या राजाला जाती टिकवायच्या नव्हत्या. त्याला पोरं शिकायला हवी होती. इथाकामध्ये अल्फा फाय अल्फा निघाली ते १९०६ आणि कोल्हापुरातलं मुस्लिम बोर्डिंगही १९०६ चंच. दोन्हीकडे दुखणं एकच होतं आणि औषधही एकच निघालं.

मग १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात शाहू महाराजांच्याच नावाने बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर जेवू घातली. स्वतः हाताने काम करायचं, स्वयंपाक करायचा, एकत्र राहायचं. गांधीजी १९२७ मध्ये तिथे आले होते. कोल्हापूरचा मार्ग चुकीचा होता म्हणून साताऱ्याचा आला, असं कुणी म्हणणार नाही. एकाने आधी पोरांना पाय रोवायला जागा दिली, दुसऱ्याने पुढचं पाऊल टाकलं.

अमेरिकेतल्या या संघटनांतही हेच दोन प्रवाह आहेत. एका प्रवाहात कुठल्या तरी एका समाजाभोवती उभ्या राहिलेल्या संघटना : कृष्णवर्णी, लॅटिनो, आशियाई, दक्षिण आशियाई. न्यू जर्सीतल्या युनियन गावी कीन कॉलेजात डिसेंबर १९७५ मध्ये लॅम्डा थीटा फाय ही लॅटिनो फ्रॅटर्निटी आणि लॅम्डा थीटा अल्फा ही लॅटिना सोरॉरिटी निघाली, त्या या प्रवाहातल्या. दुसऱ्या प्रवाहात मुद्दाम सगळ्यांना एकत्र आणणाऱ्या : रटगर्सची म्यू सिग्मा अप्सिलॉन किंवा १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झालेली थीटा न्यू झाय. बऱ्याच कॅम्पसवर, कृष्णवर्णी संघटना वगळता, दोन्ही प्रकारच्या संघटना एकाच बहुसांस्कृतिक परिषदेखाली बसतात. कागदोपत्री सगळ्यांचीच दारं सगळ्यांना उघडी आहेत. दक्षिण आशियाई सोरॉरिटीत कोरियन किंवा मेक्सिकन मुलगी दिसते; लॅटिनो फ्रॅटर्निटीत गुजराती मुलगा भेटतो. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ मध्ये निघालेली सिग्मा बीटा ऱ्हो सुरुवातीला दक्षिण आशियाई मुलांची होती, पुढे ती बहुसांस्कृतिक झाली. कोल्हापूरहून साताऱ्याला जाणारा रस्ता तिथेही आहे.

१९९८ मध्येच का?

दक्षिण आशियाई, म्हणजे मुलांच्या भाषेत 'देसी', संघटनांच्या जन्मतारखा एकाखाली एक मांडल्या की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅमटनला आयोटा न्यू डेल्टा. १९९८ मध्ये ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात डेल्टा एप्सिलॉन साय ही फ्रॅटर्निटी आणि कॅपा फाय गॅमा ही सोरॉरिटी, त्याच वर्षी ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा ऱ्हो. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसला बीटा काय थीटा आणि टेक्सास ए अँड एममध्ये डेल्टा कॅपा डेल्टा. पाच-सहा वर्षांत एवढ्या संघटना, त्याही एकमेकींपासून हजारो मैल दूर.

याचं उत्तर १९६५ च्या कायद्यात आहे. १९४६ पासून भारतीयांना वर्षाला अवघे शंभर जण अशा कोट्याने अमेरिकेत वसता येत होतं. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ जाऊ लागले. शिकागोत १९६९ मध्ये महाराष्ट्र मंडळ निघालं, १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं, ते याच पिढीने. या पिढीची अमेरिकेत जन्मलेली मुलं नव्वदच्या दशकात अठरा वर्षांची झाली. आई-बापांना आपली माणसं हवी होती, म्हणून त्यांनी मंडळं काढली. मुलांना आपली माणसं हवी होती, म्हणून त्यांनी अवतीभवती जे रूप दिसत होतं ते घेतलं आणि ग्रीक अक्षरं लावली. मंडळ मराठी होतं, तमिळ संगम तमिळ. मुलांच्या संघटनेत मात्र मराठी, पंजाबी, बंगाली, पाकिस्तानी, श्रीलंकेतली मुलं एकत्र आली. आई-बापांच्या पिढीत भाषेने जे वेगळे कप्पे केले, ते मुलांनी मोडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

परक्या मुलखात शिकायला गेलेल्या मुलीला मैत्रिणींचं केवढं बळ लागतं, हे मराठी घरांना नव्याने सांगायला नको. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी. ज्या युनियन गावात लॅटिना सोरॉरिटी निघाली ते याच परगण्यातलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ मध्ये काढलेलं आनंदीबाईंचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे : साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या पोशाखातल्या साबात इस्लांबुली. तिघी तीन देशांच्या, तीन धर्मांच्या, एकाच महाविद्यालयातल्या. त्या कुठल्या सोरॉरिटीच्या नव्हत्या, पण आज रटगर्सच्या मुली जे शोधतात ते यांना तेव्हाही हवं होतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. पुण्या-मुंबईहून एम.एस. करायला जाणाऱ्या मुलांचा या जगाशी फारसा संबंध येत नाही, कारण या संघटना मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आहेत. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. त्यांतले पदवीचे जेमतेम ३६ हजार. पण सभासद व्हावं की नाही, हा प्रश्न बारावीनंतर थेट तिकडे जाणाऱ्यांनाही आता पडतो आहे.

लाइन

सभासद होण्याची वाट साधारण अशी. सत्राच्या सुरुवातीला सगळ्या संघटना हिरवळीवर टेबलं मांडतात. मग माहितीची बैठक होते, तिला मुली इस्त्रीचे कपडे घालून जातात. अर्ज, मुलाखत, किमान गुणांची अट, आणि मग बोलावणं येतं, त्याला 'बिड' म्हणतात. त्यापुढचे काही आठवडे नव्या सभासदांचं शिक्षण चालतं : संस्थापकांची नावं, शाखांच्या तारखा, ग्रीक मुळाक्षरं, संघटनेची तत्त्वं, सगळं तोंडपाठ. एका सत्रात एकत्र शिकणाऱ्यांची मिळून एक 'लाइन' होते. बहुधा उंचीप्रमाणे उभं करतात आणि ज्याचा जो क्रमांक येतो तो जन्मभर त्याचा. पहिली ती 'एस', शेवटची ती 'टेल'. प्रत्येकीला एक 'बिग', म्हणजे थोरली बहीण मिळते. थोरलीची थोरली, तिची थोरली अशी वंशावळ मागे जाते. दीक्षा पूर्ण झाली की मुलगी 'क्रॉस' झाली म्हणायचं.

मग येतो 'प्रोबेट', नव्या सभासदांचं जाहीर दर्शन. स्टुडंट सेंटरबाहेरच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी गर्दी गोल करून उभी राहते. इतर संघटनांचे सभासद आपापल्या हाका घालतात. नव्या मुली एकीमागे एक, पुढचीच्या पाठीला जवळजवळ चिकटून, एका ठेक्यात पाय आपटत येतात. कपडे एकसारखे, चेहरे मुखवट्याने झाकलेले. एकसुरात त्या संघटनेचा इतिहास खड्या आवाजात म्हणतात, एक शब्द पुढेमागे नाही. इतर संघटनांना नावानिशी अभिवादन करतात. मग एकेक जण पुढे येऊन मुखवटा काढते, आपला क्रमांक आणि लाइनमधलं नाव सांगते आणि मागून थोरली तिच्या अंगावर जॅकेट चढवते. जॅकेटच्या पाठीवर अक्षरं, बाहीवर क्रमांक. गर्दीत कॉलेजातल्या मैत्रिणी असतात, क्वचित आई-बाबाही, फोन वर धरून चित्रण करत.

न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातली, एका दक्षिण आशियाई सोरॉरिटीची मुलगी मला भेटली. बोलणं निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. शाळेत डब्यातल्या भाजीच्या वासावरून ऐकून घेतलेलं, आणि भारतात सुट्टीला गेल्यावर मराठीच्या उच्चारांवरून ऐकून घेतलेलं, दोन्ही तिला सारखंच लक्षात होतं. इथे मला काहीच समजावून सांगावं लागत नाही, असं तिच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा आलं. पण तिने मला अभिमानाने दाखवलं ते शाखेचं हिशेबाचं कोष्टक. ती खजिनदार होती. वर्गणी किती जमली, सभागृहाचं भाडं किती, कोणाला हप्ते पाडून दिलेत, घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी जमवलेला निधी कधी पोचता झाला, ओळीनिशी. एकोणिसाव्या वर्षी हे करताना आपण खूप शिकलो, असं ती म्हणत होती आणि ते दिसत होतं. तिच्या आईची भीती वेगळी होती : अभ्यास मागे पडेल, पैसे जातील, आणि हे लोक पोरीला त्रास तर देणार नाहीत?

ज्या रात्रीकडे डोळेझाक करून चालणार नाही

आईच्या तिसऱ्या प्रश्नाला आधार आहे. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका कॉलेजातल्या पाय डेल्टा साय या आशियाई-अमेरिकी फ्रॅटर्निटीची मुलं पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात भाड्याचं घर घेऊन राहिली. नव्या सभासदांचा एक 'विधी' तिथे होणार होता. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूने भरलेली जड पिशवी, गोठलेलं अंगण, आणि समोरून धावत येऊन पाडणारे थोरले 'भाऊ'. आशियाई माणसाला अमेरिकेत अडवणाऱ्या अदृश्य भिंतीचं हे प्रतीक आहे, असं सांगितलं जायचं. एकोणीस वर्षांचा एक मुलगा बेशुद्ध पडला. त्याला लगेच दवाखान्यात नेलं नाही. वेळ गेला आणि तो वाचला नाही. सदतीस जणांवर आरोप ठेवले गेले. २०१७ मध्ये ज्युरीने राष्ट्रीय संघटनेलाच दोषी धरलं आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तिला दहा वर्षं पेनसिल्व्हेनियात बंदी घातली.

या घटनेचा मला सर्वांत जास्त त्रास होतो तो तिच्या मुळाशी असलेल्या विचाराचा. आपल्या लोकांनी सोसलेला अपमान नव्या मुलाला कळावा म्हणून त्यालाच मारायचं. ज्या दुखण्यावर ही संघटना औषध म्हणून निघाली, तेच दुखणं तिने आपल्या धाकट्या भावाच्या अंगावर उतरवलं. एकट्या मुलाला चार माणसांची इतकी भूक असते, की ती माणसं सांगतील ते तो सोसतो. ज्यांनी ही भूक ओळखून दार उघडलं, त्यांच्यावरच तिचा गैरफायदा न घेण्याची सर्वांत मोठी जबाबदारी येते.

आपल्याकडे याला रॅगिंग म्हणतात आणि ते आपल्याला अनोळखी नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले, त्यामुळे दरवर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून हमीपत्र घेतलं जातं. एक फरक मात्र ध्यानात घ्यायला हवा. इकडे रॅगिंग बहुधा नको असलेल्या मुलावर लादलं जातं. तिकडे मूल स्वतःहून सभासद व्हायला गेलेलं असतं, म्हणून घरी सांगत नाही. सांगितलं तर आपणच आपल्या 'भावांना' गोत्यात आणलं, असं त्याला वाटतं. कृष्णवर्णी संघटनांच्या परिषदेने अशाच मृत्यूंनंतर १९९० मध्ये 'प्लेजिंग'ची, म्हणजे सभासद होण्याआधीच्या उमेदवारीची, जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली, तरी चोरून चालू राहिल्याच्या तक्रारी येत राहिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत देशपातळीवर कायदा झाला. आता कॉलेजांना अशा घटनांची आकडेवारी द्यावी लागते आणि कोणत्या संघटना दोषी आढळल्या, ते जाहीर करावं लागतं. पालकांच्या हाती हे फार मोठं साधन आलं आहे आणि ते वापरलं पाहिजे.

आतले प्रश्न, बाहेरचं वारं

'देसी' म्हणताना कोण डोळ्यांसमोर येतं, हाही प्रश्न आहेच. कार्यक्रमात भांगडा आणि बॉलिवूड असतं. लेझीम किंवा श्रीलंकेतलं नृत्य क्वचित. जातीचा विषय तर बहुतेक ठिकाणी कुणी काढतच नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, म्हणजे प्रश्न कॅम्पसपर्यंत पोचला आहे. वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या संघटनांनी जातीविषयी गप्प बसणं योग्य नाही, आणि फुले-आंबेडकरांचा वारसा सांगणाऱ्या मराठी मुलांनी तर मुळीच नाही. एक ऋणही मोकळेपणाने मान्य करायला हवं. लाइन, प्रोबेट, ठेक्यातलं पदलालित्य हे सगळं कृष्णवर्णी संघटनांनी घडवलं. देसी मुलांनी ते उचललं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव आणि इतिहास नव्या सभासदांना शिकवणाऱ्या शाखा आहेत. सगळ्यांनीच ते शिकवावं.

बाहेरचं वारंही फिरलं आहे. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतली विविधताविषयक कार्यालयं बंद केली. ऑस्टिनचं बहुसांस्कृतिक केंद्र त्यातच गेलं. विद्यार्थ्यांच्या संघटनांना कायद्यात सूट आहे, पण खोली, कर्मचारी, निधी यांचा आधार गेला. ज्या कॅम्पसवर दोन जुन्या देसी संघटना जन्मल्या, तिथल्या मुलांना आता स्वतःच्या आणि माजी सभासदांच्या बळावर उभं राहायचं आहे. घर नसलेल्यांना त्याची सवय आहे, पण म्हणून ते न्याय्य ठरत नाही.

विचारायचं काय?

मुलीने फोनवर सांगितलं, तर 'नको' म्हणून ठेवून देऊ नये आणि 'तुझं तू बघ' म्हणूनही सोडू नये. विचारावं. कॉलेजच्या दोषी संघटनांच्या यादीत हिचं नाव आहे का? शाखा सध्या मान्यताप्राप्त आहे की निलंबित? पूर्ण खर्च किती आणि तो लेखी दिला आहे का? गेल्या वर्षी सभासदांचे गुण कसे होते? माजी सभासदांपैकी कोणाशी आई-बाबांना बोलता येईल का? नव्या सभासदांच्या आठवड्यांत रात्री झोप मिळते का, फोन जवळ असतो का, गावाबाहेर नेणार आहेत का? शपथेचे शब्द गुप्त ठेवले तर बिघडत नाही. तिला कसं वागवलं जातं, ते गुप्त ठेवायला सांगितलं की तिथून उठून यायचं, हे आधीच बजावून ठेवावं, आणि उठून आलीस तर आम्ही एक शब्द बोलणार नाही, हेही सांगावं.

या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर तिला जाऊ द्यावं, असं माझं ठाम मत आहे. ज्या देशात आपल्या लेकरांना पिढ्यानपिढ्या राहायचं आहे, तिथल्या कृष्णवर्णी, लॅटिनो, चिनी, जपानी लोकांनी किती दारं ठोठावली हे त्यांना इथे कळतं, आणि आपण त्या रांगेतले शेवटी आलेलो आहोत हेही कळतं.

एक विनंती अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना. मुलं मराठी शाळेत येतात, गणपतीत नाचतात आणि अठराव्या वर्षी दिसेनाशी होतात, ही खंत अधिवेशनांतून दर वेळी ऐकू येते. ती मुलं हरवलेली नसतात. ती कुठेतरी वीस जणांची शाखा चालवत असतात, हिशेब लिहीत असतात, निधी उभारत असतात, भांडणं मिटवत असतात. बाविसाव्या वर्षी ती बाहेर पडतात तेव्हा त्यांना नुसतं नाच बसवायला बोलावू नका. खजिनदारी द्या, कार्यकारिणीत घ्या, आणि मंडळ मराठी न येणाऱ्या त्यांच्या मैत्रिणींसाठीही उघडं ठेवायचं असं त्यांनी म्हटलं तर ऐका. साताऱ्याच्या बोर्डिंगने आपल्याला हेच शिकवलं होतं.